विजयदादांचं तपकिरी पाणी

मनीषावहिनी, दादांच्या आई, आणि या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या सगळ्यांनो,

बोलायला उभी राहिले खरी, पण मी चित्रं काढते, भाषणं करत नाही. आणि मला जे बोलायचंय ते इथे शोभेल का, तेही कळत नाही. कारण दादा गेल्यापासून रडू तर येतंयच, पण हायसंही वाटतंय. दोन्ही खरं आहे. मघाशी वहिनींना विचारलं, असं बोललं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "बोल. मलाही तसंच वाटतंय." म्हणून बोलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा आधी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑफिसर होते. ती नोकरी सोडून त्यांनी अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत मोबाईलचे गेम बनवायला घेतले. घरच्यांनी डोक्याला हात लावला. सुरुवातीला आम्ही तिघंच. दादा, धंदा बघणारा उल्हासनगरचा हरीश, आणि मी, विठ्ठलवाडीची स्वप्नाली. चित्रं माझ्याकडे.

आमचा गेम काय होता? बदलापूरच्या एका घरात पुराचं पाणी शिरतंय. तुम्हाला दोनच हात. खालून काय उचलाल, माळ्यावर काय न्याल? बस, एवढंच. दादांच्या लहानपणी त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यातूनच आलेला खेळ तो. आई, तुम्हाला काय सांगायचं.

पहिल्यांदा चालवला तेव्हा त्यात चित्रं नव्हतीच. नुसते राखाडी ठोकळे. आडवा ठोकळा म्हणजे गादी, उभा म्हणजे सिलेंडर. दादांची एक पद्धत होती. शनिवारी सोसायटीतल्या लोकांना बोलवायचे, फोन हातात द्यायचे आणि स्वतः गप्प बसायचे. कोणी "छान आहे" म्हणालं की यांचा चेहरा पडायचा. मला म्हणायचे, "छान म्हणतात आणि फोन परत देतात गं. ज्याला आवडतं तो परत देत नाही." त्या ठोकळ्यांच्या वेळी तर भांडणं झाली. "अरे गादी काय नेतोस, पिठाचा डबा घे!" इथे बसलेल्यांपैकी काहीजण त्यात होते. हसताय ना? हसा. दादांना आवडलं असतं.

मग आम्ही तो सजवायला घेतला. हरीश म्हणाला, "दादा, शोकेस नहीं चमकी तो दुकान में घुसेगा कौन?" तो चुकीचं बोलत नव्हता. मुंबईचे जे लोक पैसे घालणार होते, तेही हेच म्हणत होते. आधी गेम देखणा करा, मग बघू. झालं, मी पाण्याच्या मागे लागले. पाण्यात आभाळ दिसायला हवं. मग भिंतीवर ओल चढायला हवी. मग ओलीवर उजेड पडायला हवा. प्रत्येक गोष्टीला नवीन माणसं, नवीन मशीन, अजून काही महिने. पाणी जितकं खरं, तितका खर्च. आणि साध्या फोनवर तो गेम उघडला की फोन इस्त्रीसारखा तापायचा.

अशाच एका शनिवारी सगळ्यांनी खेळून बघितलं. सगळे म्हणाले, छान. खरंच छान. आणि सगळ्यांनी फोन परत दिले. शेवटी आई म्हणाल्या, "विजू, आपल्याकडे असं पाणी आलं असतं तर मी काही उचललंच नसतं रे. बघत बसले असते." सगळे हसले. दादा हसले नाहीत.

त्याच दिवसांत दादांचं दुखणं कळलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, फार दिवस नाहीत. दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसात आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "स्वप्नाली, पाणी काढून टाकू. एक सपाट पट्टा ठेव. तपकिरी. तो वर चढतो, बाकी काही करत नाही."

हरीश उसळला. "दादा, पागल हो गए क्या? मुंबईवाले भाग जाएंगे!"

दादा म्हणाले, "जाऊ देत. मला देखणं अर्धवट नकोय, हरीश. साधं चालेल. पण पूर्ण हवंय."

मुंबईवाले गेले. नवीन घेतलेल्या माणसांना दादांनी स्वतः फोन फिरवून दुसरीकडे कामं बघून दिली. पुन्हा आम्ही तिघं.

सगळ्यांना वाटलं, स्वप्नालीला लागलं असणार, तिची सगळी मेहनत गेली. खरं सांगू? त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले. कारण त्या पाण्याला शेवटच नव्हता. कितीही खरं केलं तरी अजून थोडं खरं करता येतंच. ते कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि ज्याला थांबवायचा हक्क होता त्याने थांबवलं. चित्रांना मी नावं ठेवत नाही हां, माझं पोट आहे त्यावर. त्या एका पट्ट्याच्या रंगासाठी मी दादांच्या बदलापूरच्या जुन्या घरी जाऊन भिंतीवरची पुराची खूण बघून आले. पण तो पट्टा चढायला लागला की खेळणारा फोन परत द्यायचा नाही. देखण्या पाण्याने ते कधी झालं नव्हतं.

आता प्रश्न एकच होता. गेम आधी पूर्ण होतो, की दादा आधी जातात? आम्ही तिघंही तेच मोजत होतो. वहिनी, तुम्हीही.

झाला पूर्ण. दादा असताना झाला. त्यांच्या चिखलोलीच्या घरी, दुपारी. दादा पलंगावर होते, हातात फोन धरायची ताकद नव्हती. बाहेरच्या खोलीत आई आणि शेजारच्या काकू खेळत होत्या. आई ओरडल्या, "थांब गं, मला दे, मी वाचवते घर!" दादांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकत राहिले. मी विचारलं, "दादा, काही बदलायचंय?" इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मान हलवली. नाही. आणि दुखण्यावरची गोळी न मागता झोपले.

म्हणून म्हणते, मला हायसं वाटतंय. अर्धवट कामात जीव अडकून गेलेली माणसं आपण पाहिली आहेत. आमचे दादा तसे गेले नाहीत.

चला, उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

दादा, झालं सगळं. झोपा आता.