ओपलबाईंनी न मानलेले दोन नकार

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या टॅमरॅक व्हॅली कम्युनिटी कॉलेजचे प्रमुख डॉ. सोर्बी, मागच्या रांगेतच बसू द्या असं परोपरीनं सांगूनही ज्यांना व्यासपीठावर आणून बसवावं लागलं त्या आदरणीय फॉसमबाई, शिष्यवृत्ती निवड समितीचे सन्माननीय सभासद, प्राध्यापकवर्ग, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या भगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आर्थिक मदत कार्यालयाच्या श्रीमती ओपल थिबोडो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

आज मासेमारीच्या हंगामाचा पहिला शनिवार. असं असूनही समोर इतके पुरुष बसलेले दिसतात! उत्तर मिनेसोटात यापेक्षा मोठा सन्मान कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. ओपलबाई, ही मंडळी घड्याळाकडं पाहताना दिसली तर मनावर घेऊ नका. होड्या बाहेरच, गाड्यांना जोडून ठेवलेल्या आहेत.

माझं नाव रेने ट्वेट. जिल्हा रुग्णालयात मी परिचारिका आहे. तिथं मी रात्रंदिवस लोकांशी बोलते, पण ते बहुधा झोपलेले असतात. सभेत बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हा सांभाळून घ्या.

आमचा टर्की कोंबड्या कापण्याचा कारखाना बंद पडला ते वर्ष तुम्हा बहुतेकांना आठवत असेल. मी आणि माझी शेजारीण लव्हॉन हाउगेन त्या कारखान्यात एकाच सरकत्या पट्ट्यावर समोरासमोर उभ्या असायचो. कारखाना गेला, आणि दोघींनी चाळिशी उलटल्यावर इथं परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. नवं काम शिकण्यासाठी सरकारकडून जी मदत मिळत होती ती पहिल्या वर्षाला पुरली. दुसऱ्या वर्षाचं काय? माझे यजमान ड्वेन ट्रक चालवतात. घर चालत होतं, फी निघत नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर शेजारच्या जिल्ह्यातल्या कारखान्यात रात्रपाळी धरायची, आठवडाभर तिकडंच राहायचं, आणि शिक्षण सोडायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे काय? ड्वेन म्हणाले, "मग तसंच म्हणायचं का?" आणि मी म्हणाले, "तसंच दिसतंय." आमच्याकडं मोठे निर्णय असेच होतात.

ओपलबाई त्या वर्षी नुकत्याच लुइझियानाहून इथं आल्या होत्या. त्यांच्या पहिल्या आठवड्याची गोष्ट लोक अजून सांगतात. त्यांनी कार्यालयात आलेल्या एका प्राध्यापकांना विचारलं, "कॉफी घेणार?" ते म्हणाले, "नको." बाईंनी किटली उचलली आणि आत ठेवून दिली! ते गृहस्थ थक्क होऊन बसून राहिले. कारण आमच्यात पहिल्यांदा "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "उगाच त्रास नको" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "उरलीच असेल तर अर्धा कप" असं म्हणायचं, ही रीत. बाई म्हणाल्या, "आमच्याकडं गम्बोच्या रश्श्याचं पातेलं चुलीवरून उतरायच्या आत लोक वाडगा पुढं करतात. तुम्ही माणसं जगता कशी?"

अध्यक्षमहाराज, त्यांचा हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या बाबतीत फार खरा होता.

बाईंनी मला शिष्यवृत्त्या शोधायला शिकवलं. नुसतं "मदत आहे का" असं विचारत फिरायचं नाही. आपण कोण, कुठं काम केलं, आई-वडील काय करत, कुठल्या चर्चला जातो, हे आधी मांडायचं, आणि मग त्यातल्या एकेका गोष्टीसाठी कुणी काही ठेवून गेलंय का ते पाहायचं. माझ्यासाठी त्यांना दोन सापडल्या. एक या फॉसमबाईंनी यजमानांच्या स्मरणार्थ ठेवलेली, टर्कीच्या धंद्यात राबलेल्या एका विद्यार्थ्यासाठी. दुसरी आपल्या दूध सहकारी संघाची, दूध घालणाऱ्यांच्या मुलांसाठी. माझे वडील जन्मभर संघाला दूध घालत आले. पण त्या दुसरीसाठी संघाच्या मंडळासमोर उभं राहून, ही शिष्यवृत्ती मलाच का द्यावी ते तोंडानं सांगावं लागे. मी म्हणाले, "असेल कुणी माझ्याहून गरजू." बाईंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले. कित्येक वर्षं त्या शिष्यवृत्तीला एकही अर्ज आला नव्हता. का ते आता तुम्हाला कळलंच असेल.

मग राहिली फॉसम. तुम्ही या शिष्यवृत्तीला पात्र का आहात, असा त्यात प्रश्न होता. मी लिहिलं, "मी अभ्यासात तशी ठीक आहे. माझ्यापेक्षा हुशार मुली वर्गात आहेत."

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. म्हणाल्या, "रेने, हा अर्ज आहे की माफीनामा?"

"खरं तेच लिहिलंय."

"वर्गात तुझा नंबर कितवा?"

"वरचाच आहे."

"वरचा म्हणजे?"

"म्हणजे... माझ्या वर कुणी नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. दोन शिफारसपत्रं हवी होती, त्यातलं एक प्राध्यापकांचं मिळालं. दुसरं पूर्वीच्या कामावरचं हवं होतं. मुकादम कारखाना बंद झाल्यावर डाकोटात निघून गेला होता. बाई म्हणाल्या, "मुदत आहे अजून, पाहू." आणि अर्ज त्यांनी ठेवून घेतला.

आता इथून पुढं जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं.

रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी पुसताना कुणीतरी सहज बोललं की लव्हॉननंही फॉसमसाठी अर्ज केलाय. लव्हॉनच्या यजमानांची पाठ त्या हिवाळ्यात कामातून गेलेली होती. घरात कमावणारं कुणी नाही. माझ्याकडं निदान ड्वेन तरी आहेत, तिच्याकडं काय आहे? सोमवारी दुपारी मी बाईंपुढं जाऊन उभी राहिले.

"माझा अर्ज मागं घेते."

एरवी इतक्या बोलक्या बाई, पण तेव्हा त्यांना बोलता येईना. कारण पुढं कळलं ते असं की त्याच दिवशी सकाळी लव्हॉन येऊन हेच सांगून गेली होती. "ड्वेन आठवड्यातले पाच दिवस घरी नसतात, रेने बिचारी एकटी सगळं ओढते," असं तिचं कारण! म्हणजे एका शिष्यवृत्तीला दोन अर्ज आले होते, आणि दुपारपर्यंत एकही उरला नव्हता. आणि एकीची गोष्ट दुसरीला सांगायची नाही, हा कार्यालयाचा कडक नियम.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? बाईंनी नियम मोडला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "असा तोंडी नकार मी घेत नाही. उद्या सकाळी दहाला ये, बाहेरच्या बाकावर बस, मी बोलावीन."

दुसऱ्या दिवशी गेले तर बाकावर लव्हॉन!

"अगं, तू?"

"सहजच. तू?"

"मीही सहजच."

आणि आम्ही दोघी हवामानावर बोलायला लागलो. काय सांगू तुम्हाला! वारा वायव्येचा आहे. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलंय, पण पुलावर नाही. तुमच्या गाडीचा हीटर लागतो का? लागतो, पण वास येतो. आमचा तर लागतच नाही. आत बाई दार किलकिलं ठेवून बसल्या होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "लुइझियानात इतक्या वेळात दोन लग्नं जमली असती."

शेवटी हवामान संपलं. लव्हॉन हातमोज्यांकडं बघत म्हणाली, "ती फॉसमची शिष्यवृत्ती... तुला मिळेल बघ."

"मला कशी मिळेल? मी अर्ज मागं घेतेय."

"म्हणजे? मी मागं घेतलाय!"

"तू का घेतलास?"

"तू का घेतेयस?"

"तुझ्या यजमानांची पाठ..."

"त्यांच्या पाठीचं तुला काय गं? घे की ती तू!"

"नको, तू घे!"

"मी सांगतेय ना, तू घे!"

दार उघडलं. पहिल्यांदाच आम्ही ओपलबाईंना रागावलेलं पाहिलं. "काय घे-घे लावलंय? अजून कुणाच्या हातात आलीय का ती? शिष्यवृत्ती फॉसमबाईंची, द्यायची निवड समितीनं, आणि वाटायला बसलात तुम्ही दोघी! जे तुमचं नाही त्यातला दानधर्म कसला? अर्ज करायचं काम तुमचं. तेवढं करा."

मग त्या जरा निवळल्या. म्हणाल्या, "आणि तुम्हा दोघींनाही कामावरच्या सोबतिणीचं शिफारसपत्र चालणार आहे. नियमात बसतं, मी विचारून घेतलंय. आत या. रेने, तू लव्हॉनबद्दल सांग."

मित्रहो, स्वतःबद्दल दोन ओळी लिहिताना माझी लेखणी अडली होती. लव्हॉनबद्दल विचारल्यावर मी थांबेचना. पट्ट्यावर एका पोरीचा हात अडकला तेव्हा यंत्र बंद करायला सगळे धावले, पण पोरीला धरून ठेवणारी लव्हॉन होती, हे मी सांगितलं. मग लव्हॉन माझ्याबद्दल बोलायला लागली, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसले. काय म्हणाली ते सांगत नाही. तिनं अतिशयोक्ती केली होती.

यथावकाश निकाल आला. फॉसम शिष्यवृत्ती लव्हॉनला मिळाली.

ती संध्याकाळी गाडी घेऊन आमच्या अंगणात आली आणि गाडीतच बसून राहिली. मी जाऊन काचेवर टकटक केली. ती म्हणाली, "रेने, मी परत करते." मी म्हणाले, "करून तर बघ, महिनाभर बोलणार नाही." मग ती रडली. मी तिला घरात नेऊन जेवायला वाढलं. मला आनंद झाला होता का? झाला होता, अगदी खरा. पण ती गेल्यावर मी भांडी घासायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मी एकच ताट किती वेळ घासतेय.

दुसऱ्या दिवशी मी ओपलबाईंकडं गेले.

"काय काढलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सहज इकडं आले होते."

"तुझा वर्ग आज नाही. बारा मैल सहज आलीस?"

मी दाराची मूठ धरून उभी होते. निघूनच जाणार होते. पण तोंडातून निघालं, "मला ती हवी होती."

असं वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते. लहानपणी आमच्या घरी "मला हवं" म्हणणाऱ्या पोराला शेवटी वाढत असत. मला वाटलं, बाई आता समजूत घालतील. छे! त्यांनी टेबलावर दोन्ही हात आपटले आणि म्हणाल्या, "बोललीस बाई एकदाची! बस. दूध संघाचं मंडळ गुरुवारी जमतंय. हेच वाक्य तिथं जाऊन म्हणायचं."

गुरुवारी मी संघाच्या वरच्या मजल्यावर गेले. टोप्या घातलेले पाच म्हातारे शेतकरी एका लांब टेबलाशी बसले होते. कुणीच काही विचारेना. अर्ज इतक्या वर्षांत आलाच नव्हता, तर विचारायचं काय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. अखेर एकानं विचारलं, "तर तुला का द्यावी म्हणतेस?"

मी म्हणाले, "मला ती हवी आहे. मी वर्गात पहिली आहे. ती नाही मिळाली तर मला शिक्षण सोडावं लागेल, आणि मला सोडायचं नाही."

वाटलं, फार बोलले. मग कोपऱ्यातले गृहस्थ बाकीच्यांना म्हणाले, "हिच्या बापाचं दूध कधी परत गेलं नव्हतं."

"नाही गेलं," दुसरे म्हणाले.

झाली मुलाखत, आणि शिष्यवृत्तीही माझी झाली. मी जिना उतरले, गाडीत बसले, आणि चावी लावायची सोडून मोठ्यानं हसत सुटले. छातीवर कुणीतरी वर्षभर बसलेलं असावं आणि ते उठून गेलं असावं, तसं झालं. ड्वेनना फोन केला. ते म्हणाले, "मग रात्रपाळी नाही?" मी म्हणाले, "नाही." मग ते म्हणाले, "बरं झालं." त्यांचा आवाज मी तसा पुन्हा कधी ऐकला नाही.

आम्ही दोघी एकाच दिवशी उत्तीर्ण झालो. लव्हॉन आज रुग्णालयात माझी वरिष्ठ आहे. आजचं भाषण खरं तर तिनं करायचं होतं. ती मला कर म्हणे, आणि मी तिला, असे दोन दिवस गेले. शेवटी ओपलबाईंनीच निकाल दिला.

आता त्या लुइझियानाला बहिणीकडं राहायला जात आहेत. आम्हा लोकांना अशा वेळी काय बोलावं कळत नाही. प्रवास चांगला होवो, रस्ते कोरडे आहेत, एवढं म्हणून आम्ही बाजूला होतो. बाईंनी मला जे शिकवलं त्याला ते शोभणार नाही. म्हणून या सभागृहातल्या सगळ्यांच्या वतीनं, कुणालाही न विचारता, मी सांगते. ओपलबाई, तुम्ही आम्हाला हव्या आहात. तुम्ही जाऊ नये असं आम्हाला वाटतं. तुम्ही जाणार हे ठाऊक आहे, तुमच्या बहिणीलाही तुम्ही हव्या असणार, आणि तिनं ते आमच्या आधी सांगितलं असणार. तरीही आम्ही मागितलं नाही असं व्हायला नको.

फॉसमबाईंचे, संघाच्या मंडळाचे, स्वयंपाक केलेल्या भगिनींचे आणि होड्या सोडून आलेल्या सर्व बंधूंचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाच्या घरची गोष्ट उघडी पडली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करावी. ओपलबाई रडताहेत. रडू द्या त्यांना. कुणी हवामानाचं काही काढू नका.