चार भोकांचं ऑपरेशन

दिनांक २७/०२/२०२५, दुपारी २ वाजून १० मिनिटे.

मी, सुभद्रा शेखर अढाऊ, वय ४६ वर्षे, शिक्षण आठवी, धंदा शेती व भाजीपाला विक्री, राहणार अकोट, जि. अकोला. अमरावती येथे पोलीस स्टेशनला स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी सासू मनकर्णाबाई, पती, दीर धर्मेंद्र व त्याची पत्नी रश्मी, वय ३८, यांच्यासह एकत्र राहते. दिराने डॉ. गीतांजली मॅडमविरुद्ध अर्ज दिला आहे. मॅडमने ऑपरेशन स्वतः न करता मशीनकडून करून घेतले, म्हणून रश्मीचे आतले टाके सुटले, आणि घरी काय जपायचे तेही सांगितले नाही, असे त्यात लिहिले आहे. त्याबद्दल मला विचारण्यात आले. रश्मी सध्या अकोल्याला दवाखान्यात आहे व तिच्याजवळ आत्ता बाईमाणूस कोणी नाही. मला चारची गाडी धरायची आहे, म्हणून जे आहे ते एकदाच सांगते.

रश्मीला गर्भपिशवीत गाठी होत्या. दोन वर्षे अंगावरून जात होते, आम्ही चालढकल केली. शेवटी तिचा भाऊ अनुप तिला अमरावतीला घेऊन आला. दिनांक ०३/०२/२०२५ रोजी पिशवी काढली. मशीनला चार हात असतात व डॉक्टर बाजूला बसून ते चालवतात, हे मॅडमने आदल्या दिवशी चित्र दाखवून सांगितले होते. काढलेली पिशवी ट्रेमध्ये आणून दाखवली. दिराने तोंड फिरवले. मी पाहिली. तिसऱ्या दिवशी सुट्टी झाली.

आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला येणाऱ्या बाया पोट पाहतात. माझी पिशवी नऊ वर्षांपूर्वी काढली, तेव्हा वीतभर चिरा होता. मी सव्वा महिना खाटेवर होते. मला आंघोळ रश्मीने घातली, माझे कपडे तिने धुतले, मळ्याचे कामही तिनेच पाहिले. रश्मीच्या पोटावर मात्र चार बारीक भोके होती. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डास चावल्यावानी तं दिसते. याले ऑपरेशन म्हणतेत का?" बाया हसल्या. मीही हसले.

सहाव्या दिवसापासून रश्मी स्वयंपाक करू लागली. दहाव्या दिवशी धुणे. तिला कोणी जबरदस्ती केली नाही. ती बसली की सगळे तिच्याकडे पाहत, एवढेच.

दिनांक २०/०२/२०२५ रोजी सकाळी सातच्या सुमारास आम्ही दोघी मळ्यात वांगी तोडत होतो. टोपली भरली. रस्त्यावर ऑटो उभा होता, ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. रश्मी वाकली, तशीच उभी झाली. म्हणाली, "बाई, तुमी उचलून द्या, मंग जमते मले." मी टोपली तिच्या डोक्यावर ठेवली. अंदाजे वीस किलो असेल. ती बांधापर्यंत गेली व खाली बसली. लुगडे रक्ताने भरले होते. त्याच ऑटोतून वांगी खाली टाकून आम्ही तिला नेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितले की आतले टाके उसवून आतडे खाली आले आहे. त्यांनी पोट उघडून दुसरे ऑपरेशन केले.

सुट्टीच्या वेळी मॅडमने दिरासमोर माझ्या हातात मराठीत लिहिलेला कागद दिला होता. बाहेरून भोके लहान असली तरी आतला घाव मोठाच आहे, सहा आठवडे वजन उचलायचे नाही, असे त्यावर आहे. खाली दोन रेघा मारल्या आहेत. घरी तो मी वाचला होता. वाचून घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला, कोणाला सांगितला नाही. मनात आले, मला वीतभर चिऱ्यावर सव्वा महिना आणि हिला चार भोकांवर दीड महिना. मला तिचा राग आला होता. हे लिहा.

आज सकाळी घरून निघण्याआधी दीर म्हणाला, "डॉक्टरनं काहीच सांगतलं नोयतं, एवढंच सांगजो. तो कागद चुलीत टाकून दे." मी तो कागद सोबत आणला आहे व आज हजर करत आहे. घरी गेल्यावर काय होईल ते मला माहीत आहे.

काल सासूबाई अकोल्याला आल्या होत्या. रश्मीच्या पोटावर आता बेंबीपासून खाली लांब चिरा आहे. त्यांनी चादर बाजूला करून तो पाहिला व म्हणाल्या, "आता दोन महिने उठू नको, माय." रश्मीने चादर पुन्हा ओढून घेतली.

डॉक्टर मॅडमविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

हा जबाब मला शब्दन् शब्द वाचून दाखवला. त्यात रश्मीच्या डोक्यावर टोपली घरच्यांनी ठेवली असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावून मी ठेवली असे लिहून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/- सुभद्रा शेखर अढाऊ