भावाला मिळालेलं बक्षीस

माझं गाव कळमनुरीच्या अंगाला. आमी मेंढरावाले, दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन बाहेर, आन घरात राज्य थोरल्या भावाचं, किसनदादाचं. काय सांगू तुम्हाला, कालवणात मीठ कमी पडलं तरी माय मार खायची, मी खायची, आन मारून झालं की हा निवांत भाकर खायचा.

जत्रंत गावातली माणसं नाटक बसवायची, बाईच्या कामाला नांदेडहून नटी आणायची, गावच्या पोरीनं तोंडाला रंग लावला म्हंजे अब्रू गेली. तालमी आमच्या घरामागंच चालायच्या, शेळ्या बांधता बांधता ऐकून ऐकून मला सगळं नाटक पाठ. एका साली नटी आलीच न्हाई. माणसं बोंबलून राहिली, आन मास्तर, म्हंजे गावचे शिंपी, नाटक तेच बसवायचे, ते डोक्याला हात लावून बसले. मी म्हणलं मास्तर, मी करते. ते म्हणले, बाई, किसन्या मला मशीनसकट पुरंल. मी म्हणलं तो जवळा बाजार गावाला गेला, सकाळी येतो, लावा रंग. मला ते काम पाहिजेच होतं, व्हय, जीव गेला तरी.

पण तो लवकर आला. दुसऱ्या अंकात मी नवऱ्याच्या नावानं रडून राहिले, तेवढ्यात दादा थेट स्टेजवर. झिंज्या धरल्या, कानाखाली हाणली, पाडून लाथा घातल्या. आन लोकांना वाटलं किसन्यालाबी मास्तरनं काम दिलं! टाळ्या, शिट्ट्या, हाण लेका, वन्समोर! शेजारगावचा एक पाटील उठला, त्यानं दादाच्या सदऱ्याला नोट टाचली, आन माईकवाला ओरडला, खलनायकाच्या कामावर खूश होऊन बक्षीस! दादा थांबला, उगारलेला हात तसाच, आपल्याच छातीकडं बघून राहिला. माझ्या तोंडात रक्त. त्याच तोंडानं मी नाटकातलं पुढचं वाक्य त्याला म्हणलं, मार, पण मी हितून हलणार न्हाई. सारी जत्रा उठून उभी राहिली.

घरी नेऊन त्यानं काठीनं माझा हात मोडला. माय अंगावर आडवी पडली, तिच्याबी पाठीत बसल्या. पहाटं मायनंच मोडका हात पदराच्या चिंधीत बांधून मला एसटीत बसवलं. म्हणली, जाय, हितं राहिलीस तर मरशील.

नांदेडात नाटकाच्या कंपनीत राहिले, मग पुणं, मुंबई, सिनेमे, मानसन्मान, सगळं झालं. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, म्हणून समोरच्याला उजवीकडं उभं करते. नवे डायरेक्टर म्हणतात, ताई, थप्पड खरी मारू द्या, सीन खरा वाटंल. मी म्हणते, खरी मारायला नट काहून पाहिजे, आमच्या गावात रिकामे लई हायेत.

माय गेली. दादा आता थकला, बाजंवरच असतो. माफी त्यानं मागितली न्हाई, मीबी मागं लागले न्हाई. औंदा भाऊबीजेला गावी जाऊन ओवाळलं, आन आशीर्वादाला त्यानं हात वर केला तशी माझी मान आपसूक आत गेली. त्यानं ते पाहिलं. म्हणला, रुक्मे, आता कुठं मारतो गं. मी म्हणलं, मला ठाव हाय दादा, मानेला ठाव न्हाई. त्याचा हात तसाच वर राहिला. मग मीच डोकं पुढं केलं. डोळे मात्र उघडे ठेवले.