फादर लीवेन यांचे ओठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या चर्चचे कारभारी आणि ब्रुग्ज शहरातले नामांकित कापड व्यापारी, सन्माननीय हेंड्रिक कोल्पार्ट. ज्यांच्या देणगीतून आपल्या वेदीवरची मिस्साच्या प्रार्थनांची पोथी घडली त्या आदरणीय गोडेलीवबाई. आजचे सत्कारमूर्ती, परवा समुद्राकाठच्या मठात विश्रांतीसाठी निघणारे आपले फादर लीवेन. चितारी संघातले माझे भाऊबंद आणि बहिणी. आणि बाकं कमी पडल्यामुळे दाराशी ताटकळत उभे असलेले शेजारीपाजारी हो!

अध्यक्षांनी मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. मी होकारही दिला होता. पण इथे उभा राहून शोधतोय तर गोड काही हाती लागत नाही. मेजावर बियर आहे, मोहरी आहे, धुरावलेली वाम मासळी आहे. सगळं आंबट आणि खारट. तेव्हा माझ्याकडे जे आहे तेच वाढतो.

मी गोसविन, पुलापलीकडच्या गल्लीतला चितारी. पोथ्यांमधली चित्रं रंगवतो, सोनं बसवतो. आपल्या मिस्साच्या पोथीतलं क्रुसाचं मोठं पान माझ्या बायकोने, टानेकनने रंगवलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या पानावरचा ख्रिस्ताचा चेहरा आता पार पुसट झालाय. नव्या फादरांसमोर लाज नको, म्हणून मी तो नव्याने रंगवून द्यावा असं कारभारी मंडळाने ठरवलं. आणि आज मी तो सगळ्यांसमोर उघडून दाखवणार अशी दवंडी अध्यक्षांनी मला न विचारता पिटली. तुमच्यातले निम्मे लोक त्यासाठी आलेत. उरलेले निम्मे वामेसाठी.

तो चेहरा पुसट का झाला? ओलीने? उंदरांनी? छे हो. फादर लीवेन यांनी तो चुंबून चुंबून संपवला.

हसताय काय? मी गंमत करत नाहीये. मिस्सा म्हणताना क्रुसाच्या पानासमोरच्या प्रार्थनेपाशी आलं की पुजाऱ्याने पानावर ओठ टेकवायचे, ही आपली रीत. रीतीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार ओठांबद्दल आहे. फादरांचे ओठ फुटतात. म्हणून ते बारा महिने ओठांना हंसाची चरबी फासतात. मिस्सा उपाशीपोटी म्हणायचा नियम फादर कडक पाळतात, त्याबद्दल त्यांना मान द्यायलाच हवा. पोटात खरोखर काही नसतं. सगळं ओठांवर असतं.

आता तुम्ही म्हणाल, हा गोसविन फार नाजूक नाकाचा. मी? अहो, आमच्या धंद्यात घाणीशिवाय आहे काय? अंड्यातलं पांढरं फेटून आम्ही ते वास मारेपर्यंत ठेवतो, तेव्हा कुठे त्यात रंग नीट धरतो. त्यावर बुडबुडे येऊ नयेत म्हणून कानातला मळ घालतो. होय, गोडेलीवबाई, कानातला मळ. तुमच्या यजमानांच्या स्मरणार्थ केलेल्या पोथीतही आहे. माझ्याच कानातला, चिंता नसावी. हिरवा रंग हवा तर तांब्याचे पत्रे शिर्क्यावर टांगून भांडं शेणात पुरतो. सोनं चकाकवायला मेलेल्या कुत्र्याचा सुळा घासतो. आणि हे सगळं ज्याच्यावर करायचं ते वासराचं कातडं, चुन्यात कुजवून खरवडलेलं. माझ्या घरात पाऊल ठेवलं की माझी सख्खी मेहुणी नाकाला रुमाल लावते.

पण त्या घाणीतून जे पान शेवटी निघतं, त्याच्यावर माशी बसली तरी आम्हाला जेवण जात नाही. आणि तिथे हंसाची चरबी! मला त्या ओठांची किळस येते, फादर. तुमच्या तोंडावर सांगतो. इतकी वर्षं पाठीमागे सांगत होतो, ते जास्त वाईट होतं.

टानेकन कशी काम करायची ते या सभागृहात माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. सोनं बसवायच्या दिवशी ती बोलायची नाही. आधी खडू, शिशाचा पांढरा रंग आणि माशाचा सरस यांचा फुगीर थर द्यायचा. तो सुकला की पिसाच्या नळीतून त्यावर हळूहळू श्वास सोडायचा. श्वासाच्या ओलीने थर चिकट होतो आणि वर्ख बसतो. श्वास कमी झाला तर सोनं सुटतं, जास्त झाला तर थर फुटतो. म्हणून ती श्वास जपून ठेवायची. मी काही विचारलं तर हातानेच 'गप' म्हणायची. त्या पानावर जिथे जिथे सोनं आहे, तिथे तिथे तिने श्वास सोडलाय, मंडळी. आणि पोथी पूर्ण झाली त्याच हिवाळ्यात, त्याच श्वासाला महाग होऊन ती गेली.

तिची बाकीची पानं जहाजात बसून परदेशी गेली. कुठल्या तरी सरदारणीच्या पेटीत असतील, मला त्यांचा पत्ताही माहीत नाही. या शहरात तिचं म्हणून मला बघायला मिळतं ते एवढं एक पान. तुम्हाला वाटतं मी दर रविवारी प्रार्थनेला येतो. मी खांबाआडून त्या पानावर नजर ठेवायला येतो. आणि बघतो काय, तर हा गृहस्थ वाकतो, डोळे मिटतो, आणि 'चप्प!' मागच्या बाकापर्यंत ऐकू येतं. एकदा तर मी मध्येच उठून बाहेर गेलो. तुम्हाला वाटलं मला गहिवरून आलं.

असं होणार हे टानेकनला आधीच दिसलं होतं. म्हणून तिने पानाच्या अगदी तळाशी बोटभर लांबीचा वेगळा सोनेरी क्रूस काढला, ओठ टेकवण्यापुरता. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. फादर पोथी न्यायला आले तेव्हा तिने तो दाखवला.

"फादर, चुंबन इथे घ्यायचं हं. वर नाही."

फादर म्हणाले, "अगं, घरधनी समोर उभा असताना मी दारवानाच्या पाया पडू होय?"

"घरधन्याच्याच पडा की. पण त्याच्या तोंडाला चरबी फासू नका."

आठवतं ना, फादर? तुम्ही खो खो हसला होतात. तिला म्हणालात, "टानेकन, तुझी जीभ तुझ्या सुरीपेक्षा धारदार आहे." आणि पोथी काखेत मारून गेलात, आणि पहिल्याच रविवारी वरतीच ओठ टेकवलेत. तळातला तो छोटा क्रूस आजही कोराकरकरीत आहे. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि या कारभारी मंडळाचं तरी काय सांगू? मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा अध्यक्ष मला म्हणाले, "गोसविन, तो डाग नाही, ती फादरांच्या भक्तीची साक्ष आहे." अध्यक्षमहाराज, तुमच्या दुकानातल्या लाल बनातीवर कोणी अशी साक्ष उमटवली असती, तर तुम्ही त्याला पायऱ्यांवरून खाली ढकललं असतं. बायका तर त्या डागाला रुमाल लावून घरी न्यायला लागल्या. तान्ह्या मुलांच्या छातीवर ठेवतात म्हणे. हंसाची चरबी! ती काय, कुठल्याही खाटकाकडे मिळते.

अध्यक्ष मला खूण करताहेत. आवरतो, आवरतो.

तर गेल्या आठवड्यात पोथी माझ्या घरी आली. इतकी वर्षं त्या चेहऱ्याला मी रंग लावू दिला नव्हता. दुसऱ्याचा रंग चढला की तिचा हात कायमचा झाकला जाणार. पण पान उघडलं तर झाकायला तिचं काही उरलेलंच दिसेना. नुसता एक तपकिरी, तेलकट ठिपका. मग विचार केला, आता कोणासाठी अडून बसायचं? रंग घोटायला घेतले.

रंग लावण्याआधी चरबी काढावी लागते. त्यासाठी शिळ्या पावाचा चुरा पानावर हलक्या हाताने फिरवतात. तो चरबी शोषतो आणि काळा पडतो, मग तो झटकून नवा घ्यायचा. मी चुऱ्यामागून चुरा झटकत होतो. त्या वासाने मला उठून दोन वेळा कालव्यात थुंकावं लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर कुजक्या अंड्यात बोटं घातली त्याची ही गत. फादर, तुम्ही वामेचा तुकडा खाली ठेवलात. ठेवू नका, खा. आता पुढचं तेवढं किळसवाणं नाही.

कातडं स्वच्छ झालं. मी चष्मा नाकावर चढवला आणि वाकून पाहिलं. रंग कधीच गेला होता. पण रंगाखाली, शिशाच्या कांडीने काढलेलं तिचं पहिलं रेखाटन तसंच होतं. कातड्यात मुरलेलं. ती डोळा काढताना आधी खालची पापणी काढायची आणि मग वरची. तिच्याशिवाय असं कोणी करत नाही. मी ती रेघ अंधारात बोटाने चाचपून ओळखली असती. आणि ते डोळे, मंडळी, उघडे आहेत. सरळ समोर बघताहेत. वाकणाऱ्याकडे.

मला तिथेच रडू कोसळलं. तेव्हा कुठे सगळं आठवलं. रेखाटन झालं त्या दिवशी फादर बघायला आले होते. डोळे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कसले डोळे? मिट ते. मेलेला माणूस बघत नसतो."

टानेकन म्हणाली, "फादर, जुन्या पोथ्यांत तो उघड्या डोळ्यांनीच असतो. मी बघितलंय."

"असेल. पण मिस्सा म्हणताना माझ्याकडे कोणी टक लावून बघितलं की माझे शब्द चुकतात. मिट बघू."

"बरं. मिटते."

मला तेव्हाच नवल वाटलं होतं. माझ्याशी ही बाई निळ्या रंगाच्या एका ठिपक्यावरून आठवडाभर अबोला धरायची, आणि इथे एका शब्दात 'बरं'? मला वाटलं, फादरांचा मान ठेवला. तिने सुरीने ते रेखाटन खरवडलं असणार असं मी धरून चाललो. तिने एक रेघसुद्धा खरवडली नव्हती. तसंच राहू दिलं आणि वरून मिटलेल्या पापण्या रंगवून दिल्या. मला, नवऱ्यालासुद्धा, कळू दिलं नाही.

तेव्हा अध्यक्षमहाराज, तुम्ही दवंडी पिटलेला तो नवा चेहरा काही मी आज उघडून दाखवत नाही. घोटलेला रंग मी कालव्यात ओतून दिला. पोथी जशी आहे तशी आज दुपारी चर्चमध्ये परत ठेवली आहे. त्या चेहऱ्याला मी रंग लावणार नाही. आमच्या संघातल्या दुसऱ्या कोणाला लावायचा असेल, तर त्याने आधी माझ्या दारात येऊन तसं मला सांगावं.

फादर लीवेन, आता तुमचे आभार. सत्काराच्या भाषणात ते मानावेच लागतात, आणि हे शब्द बाहेर काढताना माझ्या घशाशी आंबट येतंय. पण खोटं बोलणार नाही. ज्या ओठांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्यांनीच माझी बायको मला परत दाखवली. माझ्या सुरीने ते कधी झालं नसतं. मी तिच्या रंगाला धक्का लावायला धजावलोच नसतो. तुम्ही मिटायला लावलेले डोळे तुम्हीच उघडलेत. किळस माझी तशीच आहे. पण आभारही खरे आहेत.

मंडळी, तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. आमच्या कामात चूक झाली तर सुरीने खरवडता येते. बोलण्यात तशी सोय नाही. तेव्हा माझं जे वावगं गेलं ते तुम्हीच आपापल्या मनातून खरवडून टाका, आणि गोडेलीवबाई, तुम्ही तो कानातला मळही.

आणि फादर, उद्या सकाळी तुम्ही इथे शेवटचा मिस्सा म्हणाल. पान उघडेल, आणि तुम्ही वाकाल तेव्हा समोरून कोणीतरी बघत असेल. शब्द चुकले तर चुकू द्यात, मी खांबाआडून कोणाला सांगणार नाही. ओठही वरच टेकवा. फक्त आधी ते पुसा.