आधी जमीन दे म्हणा

१९८९ साली मधुसूदननं नागपूरवर विमान उडवायचा कॉम्प्युटरचा खेळ तयार केला होता. एका महिन्यात त्याच्या तीन सुधारलेल्या फ्लॉप्या निघाल्या. चौथी हिंगण्याच्या कॉलेजात द्यायला तो बर्डीवर बसच्या रांगेत उभा होता. मागे त्याच कॉलेजातली दोघं बोलत होती.

“काल पुन्हा विमान जमिनीत गेलं गा, रविंद्र.”

“तुनं वेग जास्त ठेवला असन वं, प्रेमलता.”

“मी? पहिल्या फ्लॉपीवर सोनेगावच्या विमानतळावर तीस वेळा उतरली. एकदाबी चुकली नाही.”

“मंग?”

“आता तिसरीत धावपट्टीच चुकून राहिली. चाकं टेकले का खालची जमीन गायब!”

“दुसरीत असं नव्हतं.”

“दुसरीत उडता उडता पेट्रोल वाढे. बनवणाऱ्याले घाई झाली, दुसरं काही नाही.”

“आज चौथी येऊन राहिली म्हणे.”

“तिच्यात ढग टाकले असन. ढग कोणाले पाहिजे? आधी जमीन दे म्हणा.”

चौथ्या फ्लॉपीत ढगच होते.

बस आली. मधुसूदन बाजूला सरकला.

“चढत नाही का, भाऊ?” पायरीवरून प्रेमलतानं विचारलं.

“नाही. चाकं टेकतात तेव्हा तुमचा वेग किती असतो?”

“साठ. काहून?”

त्यानं हातातल्या फ्लॉपीच्या पाकिटावर साठ लिहिलं.

“खेळ माझा आहे. उद्या धरमपेठेत माझ्या कॉम्प्युटर क्लासवर याल? तुम्ही उतरून दाखवल्याशिवाय ही फ्लॉपी मी कोणाला देणार नाही.”

प्रेमलता पायरीवरून खाली आली.

“उद्या काहून? आताच चला.”