ज्याला हात, तो हस्ती

माझ्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इकडे आखातात, हमरियाच्या फॅक्टरीत प्रेसखाली आमच्या सुधीरचा उजवा हात गेला, आणि पाठोपाठ नोकरीही. त्याला भेटायला निघालो तेव्हा बायकोनं बजावलं, "तिथे 'हात' हा शब्दसुद्धा काढू नका."

चहा होईपर्यंत सांभाळलं. मग त्याची पाचवीतली मुलगी संस्कृतचं पुस्तक घेऊन आली. "अंकल, एलिफंटला हस्ती का म्हणतात?"

झालं! मी सुटलोच. "अगं, हस्त म्हणजे हात. सोंड हाच त्याचा हात. ज्याला हात, तो हस्ती!"

बायकोनं चिमटा काढला, पण उशिरा.

मुलीनं बापाकडे बघितलं. "सो, ओन्ली वन हँड. लाइक बाबा."

सुधीर म्हणाला, "हो बेटा. फक्त हत्तीचा व्हिसा कॅन्सल होत नाही."