हिम्मतरावांचं काय करावं?

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष शशिकांतरावजी, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापिका शिल्पाबाई, संस्थेचे सर्व पदाधिकारी, आज ज्यांच्या सन्मानासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती सुमनबाई देगलूरकर, समोर बसलेले पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि दाराशी उभे राहून नाश्त्याची वेळ विचारणारे सर्वजण, आपणां सर्वांना माझा सादर नमस्कार.

एवढं शिल्पाबाईंनी लिहून दिलं होतं. इथून पुढे मी आहे.

मी हिम्मतराव. काचीगुड्याच्या या मराठी शाळेत चोवीस वर्षं कॅन्टीन चालवतो. सुमनबाई एकतीस वर्षं सोशल स्टडीज शिकवून आज निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी विद्वान माणसं बोलली. मी त्यांच्याकडे कधी शिकलो नाही. माझ्यावर शिकवलं गेलं, ही गोष्ट वेगळी.

पाच वर्षांपूर्वी नववी ब ला ‘आर्थिक व्यवस्था’ हा धडा होता. बाईंना पुस्तक वाचून दाखवायची सवय नाही. त्यांनी चिठ्ठ्या केल्या. कुणी भांडवलदार, कुणी कामगार, कुणी ग्राहक. तीन आठवडे मधल्या सुट्टीत मुलांनी खरोखरचा स्टॉल लावायचा, म्हणजे भांडवलशाही आपोआप कळेल.

माझी राणी त्याच वर्गात. घरी येऊन म्हणाली, “पप्पा, मी भांडवलदार झाले.” आमच्या सात पिढ्यांत हे कुणाला जमलं नव्हतं. मी पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

सोमवारी पाण्याच्या टाकीजवळ स्टॉल लागला. मिरची भजी, समोसा आणि मागाल तितकी चटणी. बुधवारपर्यंत माझ्या काउंटरवर फक्त बिनसाखरेचा चहा घेणारे ड्रिलमास्तर उरले. रात्री जेवायला आम्ही उरलेले समोसे खात होतो. दुसऱ्या आठवड्यात अध्यक्षसाहेब पाहणीला आले, रिकामं कॅन्टीन पाहिलं, आणि या खोलीत संगणक छान बसतील असं म्हणाले. साहेब, मी राग धरला नाही. थोडा धरला होता.

त्या दिवशी मी स्पर्धकाचा माल मागवून चाखला. चटणी ओळखीची लागली. घरी जाऊन तारामतीला, म्हणजे माझ्या मंडळींना, विचारलं, “नववीला चटणी कोण वाटून देतंय?”

“मीच की. पोरीचा अभ्यास आहे. अभ्यासाला नक्को म्हणू का?”

“आन् माझं कॅन्टीन?”

“तुम्ही कवा मागितली जास्तीची? तिनं मागितली.”

सभ्य स्त्री-पुरुषहो, आपण विचार करा. मिक्सर माझा, गॅस माझा, बायको माझी, मुलगी माझी, आणि गिऱ्हाईक नववी ब चं. याला पुस्तकात काय म्हणतात?

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने स्टाफरूममध्ये गेलो. म्हटलं, “बाई, हा धडा कधी संपतो?”

“अजून चार पानं आहेत, हिम्मतराव.”

“चार पानांत माझी खोली जाती बाई. भांडवलदार तुमचा, कामगार तुमचा, ग्राहक तुमचा. जो आधीपासून दुकान टाकून बसलाय, त्याची चिठ्ठी कुठंय?”

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. मग म्हणाल्या, “ती करायची राहिली. चूक माझी आहे.” एवढ्या वर्षांत या शाळेत कुणीतरी चूक माझी म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. अर्थात त्याने समोसे खपले नाहीत.

मग स्टॉल चालू असतानाच चाचणी परीक्षा आली. पेपरातला शेवटचा प्रश्न आठ मार्कांचा होता. ‘हिम्मतरावांचं काय करावं? सकारण लिहा.’

तपासलेले पेपर घेऊन बाई कॅन्टीनमध्ये आल्या आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. वाचायला वेळ भरपूर होता, गिऱ्हाईक नव्हतंच. एकाने लिहिलं होतं, हिम्मतरावांनी भाव उतरवावेत. एकाने लिहिलं, सरकारने हिम्मतरावांना अनुदान द्यावं. एका हुशार मुलाने मी कोडिंग शिकावं असं सुचवलं होतं, आणि त्याला पाच मार्क होते. चाळीस मुलांनी माझी सोय लावली होती. कुणी मला कॅशियर केलं, कुणी गावी धाडलं.

सगळ्यांत खाली राणीचा पेपर. दोनच ओळी. ‘हे ठरवण्याआधी हिम्मतरावांना विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही.’ हिम्मतराव हा शब्द वर लिहिलेला होता. खाली खोडलेलं ‘पप्पांना’ स्पष्ट दिसत होतं.

आठपैकी आठ.

मला पुढचं नीट दिसेना. कांदा चिरत होतो असं मी तेव्हा बाईंना सांगितलं. आज खरं सांगतो, कांदा संपला होता.

बाई काउंटरला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “तर हिम्मतराव, तुम्हीच सांगा. काय करावं?” चोवीस वर्षांत मला इथे अजून एक समोसा द्या, चटणी वाढवा, पंखा लावा, लोक सगळं म्हणाले. हे विचारणाऱ्या बाई एकट्याच.

मी म्हणालो, शनिवार पोरांचा, बाकीचे दिवस माझे, आणि चटणी दोन्हीकडे तारामतीच्या नावाने. बाईंनी ते कागदावर लिहिलं आणि तशाच अध्यक्षांकडे गेल्या. खोली राहिली, वाटणीही आजवर राहिली. संगणक वरच्या मजल्यावर बसले आणि चांगले चालतात. राणी आता कोठीच्या कॉलेजात बी. कॉम. करते आणि काही ठरवायचं झालं की आधी मला विचारते. विचारून तिला हवं तेच करते, पण विचारते.

बाई, तुमच्या जागी नव्या मॅडम येतील. धडा तोच असेल. तुमच्या चिठ्ठ्यांचा डबा मी मागून घेतलाय आणि त्यात माझ्या हाताने एक चिठ्ठी वाढवलीय. त्यावर ‘हिम्मतराव’ लिहिलंय. ज्या पोराला ती निघेल, त्याने तीन आठवडे माझ्याबरोबर काउंटरच्या आत उभं राहायचं.

आपण मला बोलायला उभं केलंत, शांतपणे ऐकलंत, याबद्दल संस्थेचे, शिल्पाबाईंचे आणि आपणां सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. नाश्त्यात काही उणं निघालं तर मात्र माझ्याकडे येऊ नये. आज शनिवार आहे.